बहिरी ससाण्याचा पंचनामा

"तू माझी कोणी लागत नाहीस ना?"

जोगेश्वरीच्या आमच्या बिल्डिंगीत राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते, आणि जिन्यात एक सहा फुटी म्हातारा मला अडवून हे विचारत होता. गळ्यात दुर्बीण, हातात पुठ्ठ्याचं पॅड, पॅडला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. मी म्हटलं, "नाही हो, का?" तर म्हणे, माहेरचं आडनाव काय, गाव कुठलं, सासरचे कुठले. मीही येडी, उभ्याउभ्या सगळं सांगून बसले. ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे आपलं काहीच नातं नाही! झकास. रविवारी सहाला खाली ये. पंच कमी पडतायत." नातं नाही म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणायला लागले. ते पोलिस ठाण्यात रायटर होते. रायटर म्हणजे कथा-कादंबऱ्या लिहिणारा नव्हे, ठाण्यातलं सगळं लिखाण ज्याच्या गळ्यात पडतं तो हवालदार. सायकल चोरीला गेली, लिही पंचनामा. दुकान फुटलं, लिही पंचनामा. अशी तेहतीस वर्षं काढून ते पेन्शनीत आले. डॉक्टरने सकाळी चालायला सांगितलं. चालताना पक्षी दिसायला लागले. आता तुम्ही-आम्ही पक्षी बघतो, छान म्हणतो, घरी येऊन चहा घेतो. ह्यांचा हात कुठला स्वस्थ बसायला! ह्यांनी पक्ष्यांचे पंचनामे सुरू केले.

दर रविवारी आम्ही बारा-तेरा जण त्यांच्यामागे फिरायचो. कधी आरेच्या झाडीत, कधी वर्सोव्याच्या खाडीला. साध्या पक्ष्यांची नुसती यादी व्हायची, त्याला काही नाही. पण दुर्मिळ पक्षी दिसला की वाट लागली. काका हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचे आणि रीतसर काम सुरू. दोन पंच हवेतच. पंच प्रतिष्ठित हवेत. ज्याने पक्षी आधी पाहिला त्याचे ते नातेवाईक नकोत, आणि एकमेकांचेही नकोत. पंचांनी पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा. यातलं एक जरी कमी पडलं, तर काका शांतपणे लाल पेनाने लिहायचे, "पंचांअभावी नामंजूर." मग तुम्ही रडा, भांडा, फोटो दाखवा. फोटोवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "फोटोला उलटतपासणीत काही विचारता येत नाही," म्हणायचे.

आणि भाषा तर काय वर्णावी! आरेत आम्हाला एकदा मोरघार दिसली. आता मोरघार म्हणजे डोक्यावर तुरा असलेला देखणा शिकारी पक्षी, बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. काकांनी लिहिलं काय, तर "सदर इसम, म्हणजे पक्षी, हा आंब्याच्या झाडावर संशयास्पदरीत्या बसलेला मिळून आला. डोक्यावर तुरा. नाव-गाव विचारता समाधानकारक उत्तर दिले नाही." शेवटचं वाक्य त्यांनी मागाहून खोडलं, पण खोडलेल्या ठिकाणी दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. हे सगळं तीन प्रतींत, कार्बन घालून. एक प्रत ग्रुपच्या रजिस्टरला, एक घरी, आणि तिसरी वरिष्ठांना. वरिष्ठ कोण, हे विचारायची आमच्यात कोणाची टाप नव्हती. पुढे काकूंनीच सांगितलं, तिसऱ्या प्रती फडताळात डब्यांखाली अंथरलेल्या असतात.

पंचांचा दुष्काळ हे काकांचं कायमचं दुखणं. रस्त्यावरच्या माणसाला पंच म्हटलं की तो पळतोच. वर्सोव्याला बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशीला काकांनी विचारलं, "बाई, तो खांबावर बसलेला पक्षी दिसतो ना? मग इथे सही करा." मावशी कोयता टाकून उभीच राहिली. "मी नाय सही करायची! उद्या तुम्ही मला कोर्टात बोलवाल! तो पक्षी माझा नाय, मी त्याला आणला नाय!" काका तिला अर्धा तास समजावत होते की तुझ्यावर आळ नाही. तोवर पक्षी गेला, आणि मावशी आमच्या तोंडावर सांगत राहिली की इथे कधी पक्षी येतच नाहीत.

आमच्याच ग्रुपमधल्या एका मुलाचं आणि मुलीचं जमलं. छान पोरं, दुर्बिणीची अदलाबदल करता करता प्रेमात पडली. पेढे घेऊन काकांकडे गेली, तर काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, दोघेही स्वतंत्र पंच होतात! आता एकाला दुसऱ्याची साक्ष चालणार नाही. एकदम दोन पंच वाया!" मुलगी बिचारी रडवेली झाली. काकूंनी मध्ये पडून पेढ्याचा बॉक्स हातातून घेतला आणि काकांना आत पाठवलं.

माझंही एक दुखणं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. वर्सोव्याच्या खाडीवर मला कैकर दिसला. मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, पायांत हा एवढा मासा धरून आमच्या डोक्यावरून गेला. माशाचं शेपूट हलताना दिसलं मला! बरोबर फक्त नवरा होता. त्यानेही पाहिला. मी धावतपळत काकांना गाठलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा साक्षीदार कोण?" म्हटलं, "हा काय, उभाय ना शेजारी." काका म्हणाले, "नवरा चालत नाही. तू जे म्हणशील त्याला तो हो म्हणणार." माझा नवरा आणि मी म्हणेन त्याला हो! हसावं की रडावं कळेना. मी खूप भांडले. पण लाल पेन निघालं ते निघालंच. त्यानंतर दोन महिने मी जिन्यात काकांकडे बघितलंसुद्धा नाही. ते मात्र रोज बघून, "रविवारी सहाला," एवढं म्हणायचेच.

माझा राग गेला तो काकूंमुळे. एका दुपारी त्यांच्याकडे घावणे खायला बसले होते. समोर ते जाडजूड रजिस्टर पडलं होतं. मी चाळत होते. प्रत्येक पानावर एक रकाना होता, "पक्षी प्रथम कोणी पाहिला." त्यात आम्हा सगळ्यांची नावं होती. त्या प्रेमात पडलेल्या पोरांची होती, एका कायम झोपाळलेल्या मास्तरांची होती, माझंही तीनदा होतं. काकांचं एकदाही नाही. पानं पुढे-मागे केली, कुठेच नाही. खाली "समक्ष" म्हणून सही तेवढी त्यांची.

"कसं असणार?" काकू तवा पुसत म्हणाल्या. "सगळे वर बघतात तेव्हा हे खाली बघून लिहीत असतात. एकाचं लिहून होईतो दुसरा पक्षी येऊन जातो. पंधरा वर्षं झाली. तोंडाने बोलायचे नाहीत, पण मनाला लागलंय त्यांच्या. परवा झोपेत बहिरी, बहिरी म्हणत होते. मला वाटलं मलाच म्हणतायत."

बहिरी म्हणजे बहिरी ससाणा. जगात त्याच्याइतक्या वेगाने कोणी झेपावत नाही, असं काका सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज घोगरा व्हायचा. थंडीत तो कधीमधी मुंबईत येतो, उंच बिल्डिंगींवर बसतो, कबुतरं मारतो. आमच्या रजिस्टरला त्याची नोंद नव्हती. काकांना एकच हवं होतं. बहिरी ससाण्याच्या पानावर त्या रकान्यात स्वतःचं नाव. आणि आता वेळही उरला नव्हता, कारण फेब्रुवारीत दोघं घर आवरून कायमची गावाला निघाली होती, मालवणकडे. जानेवारीचे सगळे रविवार आम्ही टॉवर बघत हिंडलो. माना मोडल्या, पण बहिरी काही दिसला नाही.

आणि मग शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी दहाला माझा फोन वाजला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, ड्युटी दुपारची, म्हणून घरी होते. काका कुजबुजत होते. "गच्चीवर ये. टाकीवर बहिरी बसलाय. कबूतर खातोय. मी पाहिला. मी! पहिला मी पाहिला! एकटी येऊ नकोस, दोन पंच आण. बोलावणाऱ्याने स्वतः पंच व्हायचं नसतं. काकू आहे इथे, पण ती..."

"चालत नाही," मी म्हटलं. "माहितेय."

मी चपला न घालता धावले. पहिल्या मजल्यावरच्या आंटीचं दार उघडं होतं. आंटी म्हणजे इथल्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती, बिल्डिंग व्हायच्या आधीपासून ह्याच जागेवर राहणारी. तिच्या दारात गॅसवाले भाऊ सिलिंडर उतरवत होते. मी दोघांनाही धरलं. "चला वर, एक सही करायचीय." आंटी म्हणाली, "लिफ्ट बंद आहे, माझे गुडघे काय तुझा बाप उचलणार?" पण काकांचं काम म्हटल्यावर निघाली. प्रत्येक जिन्याला एका नव्या संताचं नाव घेत चढली. भाऊ मागून तिला आधार देत होते. सिलिंडर चढवायची सवय, तेव्हा त्यांना काही वाटलं नाही.

गच्चीच्या दारात काका उभे. दार अर्धवट लोटलेलं. काका गच्चीच्या बाजूला, आम्ही तिघं जिन्यात. मी डोकं पुढे काढलं, तर त्यांनी पॅड आडवं धरलं. "थांब! आधी पंचांची रीतसर नोंद. पंचांना कशासाठी बोलावलं ते समजावल्याशिवाय घटनास्थळी प्रवेश नाही."

"काका, तो उडेल!"

"घाई केली की केस पडते," काका म्हणाले आणि कार्बन सारखे केले. एवढ्या घाईतही अक्षर सुबक. "पंच क्रमांक एक. नाव?" भाऊंनी नाव सांगितलं. "वय? धंदा?" भाऊंनी खांद्यावरचं फडकं दाखवलं. "तुमचं आणि ह्या बाईंचं काही नातं?"

"तिचा सिलिंडर संपला, एवढंच नातं," भाऊ म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. त्या गावी न्यायच्या गोधड्या उन्हात घालायला आल्या होत्या. "अहो, अर्धं कबूतर संपलं त्याचं."

"पंच क्रमांक दोन," काका म्हणाले. "वय?"

आंटीने पदराने घाम पुसला. "पन्नास लिही."

"तुमचा थोरला पन्नासचा आहे."

"मग तुला सगळं माहितेय, तर मला कशाला विचारतो?"

"पंचाने स्वतः सांगायला हवं."

"मी स्वतः पन्नास सांगते."

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "चोच पुसायला लागला."

"काका, काहीही लिहा, साठ लिहा, शंभर लिहा!" मी ओरडले. काकांनी माझ्याकडे दुखावल्यासारखं बघितलं. "पहिल्याच ओळीत खोटं वय? पुढच्या ओळींवर कोण विश्वास ठेवणार?" आंटी म्हणाली, माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत नाही सांगितलं, तुला काय म्हणून सांगू? भाऊ जिन्यावर बसले.

"अहो, पंख झाडले."

"अहो, उठला हो."

"गेला."

काकांनी वळून पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं आणि आम्हाला आत घेतलं, आता कशाला ते देव जाणे. टाकीवर कोणी नव्हतं. पिसं उडत होती, आणि कडेला कबुतराचे दोन गुलाबी पाय.

खरं सांगते, लपवत नाही, आधी मला गंमतच वाटली. म्हटलं, चांगली जिरली! माझा कैकर नामंजूर करताना काय ऐट होती! पण मग त्यांचं तोंड बघितलं. काका टाकीच्या पायरीवर बसले होते आणि टोपी काढून उगाच तिच्या आत बघत होते. पंधरा वर्षांनी एकदा नशीब दारात आलं, आणि ह्या माणसाने त्याला वय विचारत उभं केलं. मला इतकं वाईट वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

आंटी त्यांच्याजवळ गेली. "लिही बाबा, मी पाहिला. वर देवाला मी काय ते समजावीन."

"हां काका, लिहून टाका ना," भाऊ म्हणाले. "मी साइन मारतो. कोणाला काय फरक पडतो?"

मीही सही केली असती. काकांनी पॅड गुडघ्यावर घेतलं. पेन टेकवलं. "आम्ही खालील सह्या करणार पंचांनी सदर पक्षी समक्ष..." इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. काकू गोधडी हातात धरून बघत होत्या. मग काकांनी तो कागद काढला, खालच्या दोन्ही प्रतींसकट फाडला आणि तुकडे खिशात घातले. "नोकरीत कधी खोटा पंचनामा केला नाही," म्हणाले. "वरून फोन आले तरी नाही केला. आता एका पाखरासाठी करू?"

कुठून सुचलं कोण जाणे, मी हात पुढे केला. "काका, पेन द्या."

"कशाला?"

"पक्षी तुम्ही पाहिलात. म्हणजे आज तुम्ही फिर्यादी. फिर्यादीनेच स्वतःचा पंचनामा लिहिलेला चालतो का?"

काकांनी विचार केला. नियमाची गोष्ट निघाली की ते प्रामाणिकपणे विचार करायचे. "नाही चालत," ते हळूच म्हणाले.

"मग आणा इकडे. पिसांचा तरी खराखुरा पंचनामा होऊ दे. दोन्ही पंच हजर आहेत."

सुतळी सोडून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी पालथ्या बादलीवर बसले, कार्बन घातले आणि लिहायला लागले. बाई गं, काय ते काम! काका डोक्यावर उभे राहून सांगत होते. "आधी चतुःसीमा लिही. पूर्वेस जिन्याचं दार. दक्षिणेस सुकत घातलेल्या गोधड्या चार. ह्रस्व-दीर्घ बघ! उत्तरेस शेजारच्या बिल्डिंगीची गच्ची. पश्चिमेस..." पश्चिमेस काय आहे ते सांगायला त्यांनी मान वर केली. हातात पॅड नव्हतं, पेन नव्हतं. नुसते उभे होते.

"पश्चिमेस काय, काका?" मी खाली मान घालून विचारलं.

एकदम समोरच्या टॉवरची सगळी कबुतरं फडफडून उठल्याचा आवाज झाला. आंटी "येशू!" म्हणून किंचाळली. भाऊ म्हणाले, "आयला, काय मारलं कबूतर!" काकूंच्या हातातली गोधडी खाली पडली. मी "पश्चिमेस" हा शब्द पुरा करून वर बघितलं, तर सगळे तोंड उघडं टाकून पश्चिमेला बघत होते आणि पश्चिमेला काहीही नव्हतं. एक पीस तेवढं खाली येत होतं.

मग जी काय धमाल उडाली! तिघं एकदम बोलायला लागली. वरून दगडासारखा पडला. पंख मिटलेले. पाठ राखाडी, पोटावर आडव्या रेघा, गालावर काळ्या मिशा. मिशा आंटीने सांगितल्या, "माझ्या दिरासारख्या," म्हणाली. मी दिराला वगळून बाकी सगळं लिहिलं. आणि आधी कोणी पाहिला? दोन्ही पंचांनी एका सुरात सांगितलं, काकांनी. "आम्ही त्यांच्या बोटाकडे बघून वर बघितलं," म्हणाले. नंतर आंटीने मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "त्र्याहत्तर. लिही. माझ्यापायी ह्याचं काही खोटं पडायला नको." मी लिहिलं आणि वर हात धरला, भाऊंना दिसू नये म्हणून.

"पक्षी प्रथम कोणी पाहिला" त्या ओळीवर काकांनी सही केली. करताना जीभ बाहेर आली होती. सही झाल्यावर ती स्वतःच दोनदा वाचली. एवढा उंच माणूस, पण त्या वेळी अगदी लहान पोरासारखा दिसत होता. मग माझ्याकडे वळून उत्साहाने म्हणाले, "काय झेप होती ना गं? तुला कशी वाटली?"

"मला दिसली नाही, काका."

"नाही दिसली?"

"मी लिहीत होते."

काकांचा चेहरा लाल झाला. राग आला की त्यांची भाषा थेट गावाला पोचायची. "लिवत होतंस? एवढो बहिरी डोक्यावरसून गेलो, आणि तू मान खाली घालून लिवत बसलंस? पक्षी काय कागदार येतलो? वर बघूक नको?"

मी काही बोलणार, त्याआधी काकूंनी गोधडी झटकली.

"बघा, ह्यां कोण सांगता!" त्या म्हणाल्या. "पंधरा वर्सां मी ह्येंका दुसरां काय सांगतंय?"

पंचनामा माझ्या हातून घेऊन काकांनी घडी घातली आणि खिशात ठेवला. मग माझा दंड धरून मला बादलीवरून उठवलं, कठड्यापाशी नेऊन उभं केलं, आणि लॅबला जायची वेळ टळून गेली तरी सोडलं नाही. दीड तास आम्ही दोघं नुसते वर बघत होतो.